बाथरूममधला गॅस गिझर हिवाळ्यात सुरक्षित कसा ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात भाड्यानं फ्लॅट घेतलाय, मालकाचा गॅस गिझर बाथरूमच्या आतच टांगलेला आहे, वर एक लहानसा झरोका आहे. घरात वयस्कर आई आणि बाळंतीण बायको. थंडीभर तो सुरक्षित कसा वापरायचा?

आत ठेवून तो सुरक्षित होतच नाही. मी सोलापुरात गिझर दुरुस्तीची कामं करतो, आणि हे रोजच्या पोटापाण्याच्या विरोधात जाऊन सांगतोय. सर्व्हिस करून दिली की गिऱ्हाइकाला वाटतं, आता वर्षभर काळजी नाही. पण सर्व्हिसनं ज्योत सुधारते, बाथरूममधली हवा काही वाढत नाही.

हिशोब करून बघा की. ६ लिटरचा गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवतो. त्यासाठी स्वयंपाकाच्या ओट्यावरचे पाच-सहा बर्नर एकदम मोठे केल्याइतका गॅस जळतो, म्हणजे दहा मिनिटांत दीडशे ग्रॅमच्या आसपास. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे २ घनमीटर हवा लागते. ५ बाय ६ फुटांच्या, ९ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून हवा असते साडेसात घनमीटर. एका माणसाच्या अंघोळीत पाव खोलीहून जास्त हवा कामी आली, आणि लगेच दुसरा आत शिरून कडी लावतो! थंडीत तर वाफ बाहेर जाऊ नये म्हणून झरोक्यालाही पुठ्ठा लावलेला असतो.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि गॅस जळला की तोही जातो. त्यामुळे 'वास तर येत नाही' या बोलण्याला काही अर्थ नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. काहींना फिटही येते आणि घरचे तिला मिरगी समजतात. सगळ्यात फसवं म्हणजे करोनापासून घराघरांत असलेला तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनचंच वाटतं, आणि तो ९८ दाखवतो. आकडा बघून थांबू नका. माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात 'बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता' हे आधी सांगा.

एक्झॉस्ट फॅन लावला तर? हा प्रश्न सगळे विचारतात. फॅन हवा बाहेर फेकतो, पण दाराखालून किंवा दुसऱ्या जाळीतून तेवढीच आत यायला वाट नसेल, तर गिझरचा धूर वर जाण्याऐवजी खोलीतच ओढला जातो. फॅन आणि खाली हवेची वाट, दोन्ही असतील तर धोका कमी होतो, संपत नाही. पूर्वी आपल्याकडे बंब अंगणात किंवा परसात पेटायचा, पाणी बादलीनं आत जायचं. तेच धोरण ठेवा: गिझर बाहेर, डक्टकडच्या किंवा बाल्कनीतल्या उघड्या भिंतीवर, आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत. पाइप लांबल्यानं सुरुवातीला थोडं गार पाणी जाईल, तेवढं बादलीत धरा.

बाहेर लावल्यावरही त्याच्याकडे लक्ष हवंच. बोअरचं पाणी असेल तर ते जड असणार. आपल्या काळ्या दगडातून आलेलं पाणी क्षार घेऊनच येतं. तांब्याच्या नळ्यांत आतून पांढरा थर बसतो, बाहेरच्या पातळ पट्ट्यांत काजळी अडकते, धुराची वाट बुजते. ज्योत निळी हवी. पिवळी किंवा लाल झाली, कव्हरवर काळं दिसलं, तर त्या दिवशीच वापर थांबवा. थंडीच्या आधी एकदा साफ करून घ्या. रबरी नळी आयएसआय मार्कची, आणि पाच वर्षांत बदललेली. गळतीचा वास आला तर बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर कळवा.

आता बाळंतिणीचं. शेक-शेगडी आपल्याकडे अजून होते आणि तिला 'करू नका' म्हणून मी सासू-आईशी भांडणार नाही. पण कोळशाची शेगडी म्हणजे धूर नसलेला तोच वायू. निखारे लाल झाले म्हणजे धोका टळला असं समजतात, तसं नाही. शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागं असताना, आणि शेक झाला की शेगडी खोलीच्या बाहेर. ऊब हवीच असेल तर गरम पाण्याची पिशवी आणि एक चादर जास्त. आपल्या गावात चादरीला तोटा नाही.

विजेचा गिझर लावायचा विचार असेल तर ३ किलोवॅटचा गिझर १३ अँपिअर ओढतो. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज अंगातून किंवा जमिनीत गळू लागली की लगेच तोडणारा स्विच, घ्या. जास्त लोड आला की पडणारी नेहमीची एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. शिवाय पाणी काही दिवसांआड येणारं आपलं शहर. टाकी संपलेली असेल तर आधी गरम नळातून पाणी पडतंय का बघा, मगच बटण दाबा, नाहीतर कॉइल कोरडी जळेल. सोलापुरासारख्या उन्हाच्या गावात गच्ची मिळत असेल तर सोलर सगळ्यात उत्तम, पण भाडेकरूच्या हातात ते नसतं.

मालकाला सांगा की गिझर तोच राहील, फक्त जागा बदलायची आहे. खर्च होतो तो एका भोकाचा, काही फूट पाइपचा आणि गॅसच्या जोडणीचा. जोडणी मात्र एजन्सीच्या माणसाकडूनच, टी (फाटा काढायचा जोड) लावून ओट्याच्या नळीतून नाही. तोवर गिझरमधले सेल काढून ठेवा, म्हणजे सवयीनं कुणी नळ उघडला तरी तो पेटणार नाही. पाणी ओट्यावर तापवा, बादलीत आधी गार पाणी आणि मग उकळतं, आणि ते उचलून नेताना लहान मूल मध्ये येणार नाही एवढं पाहा.