कागदी विमानातून मुलाला उडण्याचं विज्ञान कसं शिकवावं?

तुमचा मुलगा चौथीत आहे, दिवसभर कागदी विमानं उडवतो, आणि त्यातूनच त्याला विज्ञान कसं शिकवावं असं तुम्ही विचारलंय. मी प्राथमिक शाळेत शिकवते. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की व्हरांड्यात मी हाच तास घेते.

सुरुवातीला काही समजावूच नका. वहीची सारखीच दोन पानं द्या, एकाचा बोळा करायला सांगा आणि दोन्ही एकाच उंचीवरून सोडायला लावा. वजन तेवढंच, तरी बोळा आधी खाली येतो. हवा अडवते, हे त्याला डोळ्यांनी दिसतं.

मग विमान करा. ते नाक वर करून क्षणभर थबकलं आणि कोसळलं, तर नाकाला एक पेपरक्लिप लावून बघा. ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए-फोर कागद अवघा ५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे एवढ्याशा वजनानेही तोल पुढे सरकतो. उलट विमान नाकावर आपटत असेल, तर दोन्ही पंखांच्या मागच्या कडा तीन-चार मिलिमीटर वर दुमडा. हवा त्या कडांना खाली दाबते, शेपूट खाली जाते, नाक वर येतं. पण दुमडण्याआधी ‘आता काय होईल?’ हे त्याला विचाराच. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलाला तीन फेकी, आणि किती फरश्या पार केल्या ते वहीत. माझ्या मते खरं विज्ञान या वहीत आहे.

आता एक कळकळीची गोष्ट. ‘पंख वरून फुगीर असतो, वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, म्हणून खालच्या हवेला गाठायला ती जोरात पळते’ हे स्पष्टीकरण मुलाला देऊ नका. मी कित्येक वर्षं हेच सांगत होते. एकदा एका मुलीने हातातलं विमान पुढे धरून विचारलं, "बाई, पण याचा पंख तर सपाट आहे!" तिचं बरोबर होतं. वरची हवा वेगाने जाते हे खरं, पण खालच्या हवेला गाठण्याची तिला काही गरज नसते. उलट ती आधीच पुढे निघून जाते. किंचित तिरका पंख हवेला खाली वळवतो आणि हवा पंखाला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. टेबल फॅनसमोर पुठ्ठा जरासा तिरका धरायला द्या. हाताला वरचा रेटा जाणवला की मूल बोलायचं थांबतं आणि पुठ्ठा पुन्हा पुन्हा फिरवून बघतं.

भागाकार येत असेल तर आणखी एक करा. हातातून सुटल्यावर विमानाला पुढे ढकलणारं काही नसतं, ते उंची खर्च करत पुढे जातं. दीड मीटर उंचीवरून, जोर न लावता, अलगद सोडा. सहा मीटरवर उतरलं, तर एक मीटर उंचीत चार मीटर अंतर. हा आकडा वाढवायच्या मागे तो आपणहून लागेल. घड्याळ लावून वेळ मोजायला लागला, तर जपानच्या ताकुओ तोदांनी २०१० साली कागदी विमान २९.२ सेकंद हवेत ठेवलं होतं, हेही त्याला सांगा.