'मान्यता' की 'पाठिंबा'? ऱ्होडेशियाच्या वाक्यात काय लिहायचं

चामोर्शीकडच्या एका भाऊंनी विचारलंय. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समधे त्यांनी लिहिलं, "१९६५ मधे ऱ्होडेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याला दक्षिण आफ्रिका आणि पोर्तुगालनं मान्यता दिली." अभ्यासिकेतला मित्र म्हणतो, मान्यता खोड, पाठिंबा लिही. भाऊंचं म्हणणं, दोन्ही एकच, काहून वाद घालायचा?

भाऊ, मित्र बरोबर आहे, आणि फरक चांगला मोठा आहे. आपल्या खेड्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, गाव जागा देते, वर्गणी करते, पोरं बसतात, सर मन लावून शिकवतात, पण शिक्षण खात्याचं मान्यतेचं पत्र आलं नसेल तर त्या शाळेच्या दाखल्याला कोणी विचारत नाही. पाठिंबा कोणीही देऊ शकतो, कमीजास्त देऊ शकतो, मागेही घेऊ शकतो. मान्यता म्हणजे समोरच्याला अधिकृत दर्जा देणं, ती ज्याच्या हातात आहे त्यानंच द्यायची.

आता ऱ्होडेशिया (आजचा झिम्बाब्वे) पहा. ब्रिटनची वसाहत, गोरे सव्वादोन लाखांच्या आसपास, काळे ४० लाखांच्या घरात, आणि सत्ता गोऱ्यांकडे. ११ नोव्हेंबर १९६५ ला तिथला गोरा पंतप्रधान इयान स्मिथ याच्या सरकारनं एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं. ब्रिटनची स्वातंत्र्याला ना नव्हती, शेजारचे झांबिया आणि मलावी १९६४ लाच स्वतंत्र झाले होते, पण बहुसंख्य काळ्या लोकांच्या राज्याचा रस्ता मोकळा राहिला पाहिजे ही अट होती, आणि स्मिथला नेमकं तेच नको होतं. म्हणून इथं 'मान्य' आणि 'मान्यता' हेही वेगळे ठेवा. ब्रिटनला स्वातंत्र्याचं तत्त्व मान्य होतं, त्या घोषणेला मान्यता नव्हती. ब्रिटनच्या पंतप्रधान विल्सन यांच्या सरकारनं तिला बंड म्हटलं, राजवट बेकायदा ठरवली, गव्हर्नर हम्फ्री गिब्ज यांनी स्मिथचं मंत्रिमंडळ बडतर्फ केलं (स्मिथनं जुमानलं नाही), ब्रिटननं फौज मात्र पाठवली नाही, निर्बंध लावले.

दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेचा ठराव २१६ आला. त्यात सगळ्या देशांना दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या, या राजवटीला मान्यता देऊ नका, आणि मदतही करू नका. दोन्ही एकच असतं तर दोनदा कशाला सांगितलं असतं? दक्षिण आफ्रिका आणि पोर्तुगालनं (शेजारचं मोझांबिक तेव्हा त्यांच्या ताब्यात होतं) दुसरी गोष्ट धुडकावली, तेल जाऊ दिलं, माल जाऊ दिला, पण पहिली त्यांनीही पाळली. ऱ्होडेशियाला शेवटपर्यंत एकाही देशानं मान्यता दिली नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या जवळचं आहे. चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांची बंगाली गावं आहेत, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना १९७१ सांगावं लागत नाही. पूर्व बंगाल वसाहत नव्हता पण शब्दांचा हिशेब तोच. ३१ मार्च १९७१ ला आपल्या संसदेनं ठराव करून तिथल्या लोकांना सहानुभूती आणि पाठिंबा दिला, निर्वासितांचे लोंढे येत राहिले, तरी बांगलादेशला मान्यता दिली ६ डिसेंबरला, युद्ध सुरू झाल्यावर. पाकिस्ताननं लगेच भारताशी राजनैतिक संबंध तोडले, मार्चच्या ठरावावर तोडले नव्हते. यावरून समजा कोणत्या शब्दाचं वजन किती ते.

(आजकाल 'अशी मान्यता आहे की' म्हणून जे लिहितात ते हिंदीतून आलेलं वाटते. मला ते पटत नाही, 'समजूत' हा चांगला शब्द आपल्याकडे आहे, तो वापरा.)

भाऊंनी शेवटी विचारलंय, ऱ्होडेशियाला 'फुटीर वसाहत' म्हणावं का. लंडनच्या बाजूनं लिहायचं तर चालते, पण या शब्दानं वाटते की तिथली जनताच फुटून निघाली, आणि तसं झालं नाही, फुटलं ते मूठभर गोऱ्यांचं सरकार. मी 'बंडखोर राजवट' लिहीन. आणि 'निर्बंध'च्या जागी 'नाकेबंदी' सरसकट नको, नाकेबंदी म्हणजे रस्ता अडवून उभं राहणं, ते फक्त मोझांबिकमधल्या बैरा बंदराबाहेर झालं, तिथं ब्रिटिश आरमार तेलाची जहाजं अडवायला १९६६ पासून १९७५ पर्यंत फिरत होतं.

नोट्समधलं वाक्य असं करा: "दक्षिण आफ्रिका आणि पोर्तुगालनं स्मिथ राजवटीला मदत केली, पण मान्यता दिली नाही."