स्कोअर अडकलाय, नवी रायफल घेऊ का?

मी खेळाडूंच्या मानसिक तयारीवर काम करते. दहा मीटर एअर रायफल खेळणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात, ते बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन. पोरगी मेहनत करते, सरही चांगले आहेत, पण स्कोअर हलत नाही. तर रायफल बदलायची का? आमच्या कोल्हापूरकडे या खेळाचं वेड तसं जुनंच. २०१० साली तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणलं. दोघांचीही पदकं ५० मीटरची, पण पोरं सुरुवात करतात ती एअर रायफलनंच. आणि मॅचची नवी रायफल काही लाखांत जाते. त्यामुळे रेंजवरचा हा प्रश्न घरी पोचेपर्यंत कर्जाचा झालेला असतो.

अशाच एका अकरावीतल्या मुलीची ही गोष्ट. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत, आणि लिहायला तिची व घरच्यांची संमती आहे. वडील साखर कारखान्यात नोकरीला. रायफल सेकंडहँड, पण नावाजलेल्या कंपनीची. सरावात ६२२-६२३ मारणारी मुलगी स्पर्धेत सलग तीनदा ६१२ च्या आसपास अडकली होती. वडील पतसंस्थेचा कर्जाचा फॉर्म खिशात घेऊनच आले होते. आईचं मत उलटं: "रायफलीला काय धाड भरलीय? हिच्या मनातच भीती बसलीय." मुलगी दोघांच्या मध्ये बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होती. जरासं उजवीकडे, थांबून जरासं डावीकडे, परत उजवीकडे.

आधी त्या दहा गुणांचं काय ते बघू. साठ गोळ्या, प्रत्येकी जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आणि ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. दहा गुण साठ गोळ्यांत वाटले तर एका गोळीमागे फरक पडतो सुमारे ०.४ मिलिमीटरचा. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा वडील गप्प झाले. 'पोरगी स्पर्धेत ढेपाळते' असं घरात महिनोन् महिने चाललेलं, ते एवढ्याशा अंतराबद्दल होतं.

पण एवढ्याशा अंतराचं कारण रायफलही असू शकतं, माणूसही. इथे आमच्या व्यवसायातल्या लोकांची एक सवय मला खटकते: खेळाडू आला की 'सगळं मनाचं आहे' म्हणून मोकळं व्हायचं. रायफलीचा स्क्रू ढिला असेल तर दीर्घ श्वासानं तो आवळला जात नाही. म्हणून बाकी काही बोलायच्या आधी तिच्या सरांना फोन केला आणि विनंती केली, रायफल एकदा क्लॅम्पला लावून तपासा. पण तिच्याच डब्यातले पेलेट, म्हणजे छर्रे, वापरून.

क्लॅम्पमध्ये रायफल घट्ट बसवतात आणि दहा मीटरवर एकाच जागी पाच-पाच, दहा-दहा गोळ्या मारतात. माणसाचा हात, डोळा, श्वास काहीच मध्ये येत नाही. रायफल निरोगी आणि पेलेट तिला मानवणारे असतील तर सगळ्या गोळ्या एकमेकींवर पडून जवळजवळ एकच भोक दिसतं. सरांनी आधी स्टॉकचे (लाकडी किंवा धातूच्या दस्त्याचे) आणि मागच्या साइटचे (ज्यातून नेम धरतात त्या भागाचे) स्क्रू तपासले. ते ठीक होते. नळी साफ केली, मग गोळ्या मारल्या. एका डब्याचं भोक गोल, नेटकं आलं. दुसऱ्या डब्याचं पसरट, कडा फाटल्यासारखं. दोन्ही डबे एकाच कंपनीचे, दोन्हींवर ४.५० हेच माप, फक्त लॉट, म्हणजे कारखान्यातली खेप, वेगळी. मुलगी डबा संपत आला की दुसऱ्यातले पेलेट त्यातच ओतायची. वडील म्हणाले, "छर्रे ते छर्रे, त्यात काय बघायचं?" बघायचं असतं. एका रायफलीला गोड लागणारा लॉट दुसरीला चालेलच असं नाही, म्हणून जाणते नेमबाज आधी थोडे पेलेट आणून क्लॅम्पवर चाचणी घेतात आणि जमला तो लॉट एकदम भरून ठेवतात.

म्हणजे वडिलांची शंका अगदीच खोटी नव्हती. मुलीला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलली: "मी म्हणत होते ना, सगळं माझ्याकडूनच होत नाहीये."

सगळं नाही, पण बरंचसं. दोन्ही डबे सरावात होते तसेच स्पर्धेतही होते, मग स्पर्धेतच गुण का पडावेत? मी तिला विचारलं, गोळी सुटल्यावर पुढच्या दहा सेकंदांत तू काय करतेस? "मॉनिटर बघते." मग? "१०.१ उजवीकडे गेली असेल तर एक क्लिक डावीकडे देते." क्लिक म्हणजे साइटची घुंडी एक टप्पा फिरवणं. पुढची डावीकडे गेली तर? ती हसली. बाटलीचं झाकण आत्ता कुठे माझ्या ध्यानात आलं.

हा प्रकार नेमबाजीत सर्रास चालतो. उत्तम नेमबाजाच्याही गोळ्या मध्याभोवती थोड्या इकडेतिकडे पडतातच. उजवीकडे पडलेली एक गोळी निव्वळ त्या डुलण्यातली असते. तिच्यासाठी साइट फिरवली की आता मध्यच सरकला, आणि पुढच्या गोळीचं डुलणं त्यावर वेगळं. प्रत्येक गोळीनंतर असं केलं तर पसारा कमी होत नाही, वाढतो. सरावात सर मागे उभे राहून हात धरायचे, स्पर्धेत धरणारं कोणी नव्हतं. आणि मागे बसलेले बाबा कारखान्याच्या डायरीत प्रत्येक गोळीचा आकडा टिपत होते, हे तिला मान न वळवता कळत होतं.

साइटला हातच लावू नकोस, असं सांगून काही उपयोग नव्हता. उजेड बदलतो, गाल टेकवण्याची जागा बदलते, कधीकधी क्लिक द्यावीच लागते. कधी द्यायची हे ठरवता यावं, म्हणून तिच्या सरांनी आणि मी मिळून कॉल करण्यावर भर दिला. गोळी सुटली की मॉनिटरकडे बघायच्या आधी स्वतःशी सांगायचं, ही कुठे गेली असेल. ट्रिगर सुटताना पुढच्या रिंगमध्ये काळा गोल कुठे दिसला, त्यावरून. 'उजवीकडे' म्हणाली आणि मॉनिटरवरही उजवीकडे दिसली, तर चूक तिची, साइट निर्दोष. 'मधोमध' म्हणाली आणि चार-पाच गोळ्या सलग एकाच बाजूला दिसल्या, तरच क्लिक.

सुरुवातीला कॉल आणि मॉनिटर यांचा मेळ बसेना. ट्रिगर ओढल्याबरोबर ती डोकं उचलत होती, त्यामुळे शेवटचं चित्र तिला दिसतच नव्हतं. सरांनी पेलेट न घालता ड्राय फायर करायला लावलं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, उघडल्यावर नेम बाजूला असेल तर हातानं न ओढता पाय सरकवायचे, हेही पुन्हा पहिल्यापासून. ते काम त्यांचं, त्यात मी पडले नाही.

माझं उरलेलं काम वडिलांशी होतं. रेंजवर येऊ नका असं काही पालकांना सांगावं लागतं. यांना तसं सांगितलं असतं तर लेकीला ती शिक्षा वाटली असती. मी एवढंच मागितलं की डायरी घरी ठेवा. सराव झाल्यावर तिला आकडा विचारू नका, आज किती कॉल बरोबर आले ते विचारा. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोन्ही विचारलं, असं ती म्हणाली.

पुढच्या स्पर्धेत तिचा स्कोअर ६१८ च्या जवळ आला. पहिली सीरिज, म्हणजे पहिल्या दहा गोळ्या, वाईट गेली, साइट दोनदा फिरवली. त्यातली एक क्लिक नको होती, असं तिनंच सांगितलं. सरावाच्या आकड्याशी अजून चार गुणांचं अंतर आहे.

कर्जाचा फॉर्म वडिलांनी भरला नाही. पैसे मात्र गेलेच. क्लॅम्पवर उत्तम आलेल्या लॉटचे पेलेट एकदम घेतले आणि नवा सिलिंडर आणला. गोळी ढकलणारी दाबलेली हवा ज्यात भरतात त्या सिलिंडरला साधारण दहा वर्षांची मुदत असते, तारीख त्यावरच कोरलेली असते. तपासणीत सरांनी वाचली तेव्हा तिच्या सिलिंडरची मुदत संपायला थोडेच महिने उरले होते. सेकंडहँड घेताना ती कुणी पाहिलीच नव्हती.