‘प्रशियातला राजा’ की ‘प्रशियाचा राजा’?

प्रश्न असा आला आहे: पहिल्या फ्रेडरिकला एका लेखात ‘प्रशियातील राजा’ म्हटलं आहे, दुसऱ्यात ‘प्रशियाचा राजा’. शिवाय तोच माणूस कुठे ‘तिसरा फ्रेडरिक’ही होतो. चूक कुठे आहे?

‘प्रशियातील’ ही भाषांतरकाराची डुलकी नाही. मूळ जर्मन पदवीच ‘क्योनिग इन प्रॉयसन’ अशी होती आणि त्यातला ‘इन’ मुद्दाम घातलेला होता. हा फ्रेडरिक मुळात ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक. ब्रांडेनबुर्ग पवित्र रोमन साम्राज्यात, म्हणजे मुख्यतः जर्मन संस्थानांच्या साम्राज्यात, मोडत होतं आणि तिथे नवा राजा सम्राटाला चालणारा नव्हता. पूर्वेकडची प्रशियाची डची (ड्यूकचं संस्थान) मात्र साम्राज्याबाहेर होती, म्हणून मुकुटासाठी ती निवडली. १७००च्या नोव्हेंबरात सम्राट लिओपोल्डने ८,००० सैनिकांच्या मदतीच्या बदल्यात मान्यता दिली आणि १८ जानेवारी १७०१ रोजी क्योनिग्सबेर्गला फ्रेडरिकने स्वतःच्या हाताने मुकुट डोक्यावर ठेवला.

मग सरळ ‘चा’ का नाही? कारण प्रशियाचा पश्चिम भाग पोलंडच्या राजाकडे होता. ‘प्रशियाचा राजा’ म्हणजे त्या भागावरही दावा. १७७२च्या पोलंडच्या पहिल्या फाळणीत डान्झिग आणि थॉर्न ही शहरं वगळता तो भाग दुसऱ्या फ्रेडरिकला मिळाला, तेव्हा कुठे सप्तमी जाऊन षष्ठी आली. फ्रेंच लेखक व्होल्तेर १७५०मध्ये पोट्सडामला राहायला गेला तेव्हा त्याचा यजमान, हाच दुसरा फ्रेडरिक, कागदोपत्री अजून ‘प्रशियातला’च होता.

मराठीत अडचण अशी की ‘प्रशियातील राजा’ वाचून तिथे अनेक राजे असावेत आणि हा त्यातला एक, असं वाटतं. म्हणून तह, राज्याभिषेक, पदव्या हा विषय असेल तिथेच ‘प्रशियातील’ लिहावं, आणि एका वाक्यात कारणही द्यावं. एरवी ‘प्रशियाचा राजा’ खुशाल चालेल.

आकड्याचं कोडं सोपं आहे. इलेक्टर म्हणून तो तिसरा, राजा म्हणून पहिला. १७०१च्या आधीच्या घटनांत ‘इलेक्टर तिसरा फ्रेडरिक’ लिहावं. क्रमांक नावाआधीच बरा, दुसऱ्या बाजीरावासारखा: ‘पहिल्या फ्रेडरिकने’ सहज येतं, ‘फ्रेडरिक पहिल्याने’ अडखळतं. आणि ‘फ्रेडरिक विल्यम’ या नावातलं ‘विल्यम’ गाळू नका, तो राजा वेगळा. पहिला फ्रेडरिक विल्यम (१७१३–४०) हा याचा मुलगा, दुसऱ्या फ्रेडरिकचा बाप.