प्रीफॅब घर हलकं असतं, म्हणूनच काळ्या मातीत ते जास्त उचलतं

दादा, तुमचा प्रश्न वाचला. यवतमाळकडे, कपाशीच्या वावराला लागून आईबाबांसाठी 20 बाय 25 फुटांचं घर बांधायचं आहे. प्रीफॅबवाला, म्हणजे कारखान्यात बनवलेले तयार भाग आणून घर जोडून देणारा, म्हणतो, "आमचं घर हलकं, फक्त चार इंचाचा काँक्रीटचा ओटा टाकून ठेवा, बाकी आम्ही पाहतो." गावचा मिस्त्री म्हणतो विटांचंच बांधा. परवडेल कोणतं आणि टिकेल कोणतं, असं तुम्ही विचारलं आहे. माझी नजर त्या चार इंचाच्या ओट्यावरच अडकली. हेच वाक्य आमच्या कामात खरं धरलं गेलं आणि सगळ्यात महागात तेच पडलं. म्हणून विटा, सिमेंट, पॅनेलचे भाव हे सगळं बाजूला ठेवून आधी पायाबद्दल लिहितो. तुमची जागा मी पाहिलेली नाही, हे ध्यानात ठेवून वाचा.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फुगताना ती वर जोर लावते. भारी काळ्या जमिनीत हा जोर चौरस मीटरला 10 टनांच्याही पुढे जातो. आता घराचं वजन पाहा. 9 इंची विटांची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली, 3 मीटर उंच भिंत एका धावत्या मीटरला सुमारे 1,400 किलो भरते. तेवढीच 50 मिलिमीटर पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तयार फळ्यांची भिंत भरते 35 ते 40 किलो. विटांचं घर मातीला थोडं तरी दाबून धरतं, तरी त्यालाही तडे जातातच. पॅनेलच्या घरात दाबून धरायला वजनच नाही. 'हलकं आहे म्हणून पाया नको' हा हिशेब मुरमाड जागेवर चालून जातो, काळ्या मातीवर तो बरोबर उलटा होतो.

त्यात बहुतेक ओटे ओतले जातात वैशाखात, कारण शेत मोकळं असतं आणि ट्रक आत येतो. तेव्हा माती सगळ्यात कोरडी, भेगांत हात जाईल इतकी. मृगाचा पाऊस लागला की आधी कडा उचलतात. पुढे ओट्याखालच्या मातीला ऊन लागत नाही, ओल उडून जायला वाट राहत नाही, ती साचत जाते आणि दोन-तीन वर्षांत मधला भाग फुगून वर येतो. उन्हाळ्यात कडा खाली बसतात, मध्य तसाच राहतो. फरशीवर गोटी ठेवली तर ती भिंतीकडे घरंगळते. श्रावणात दार चौकटीत अडकतं, म्हणून सुतार ते रंधून देतो. मे महिन्यात त्याच दारावर बोटभर फट दिसते. पॅनेलच्या जोडांतलं सिलिकॉन सुटतं, पाणी आत शिरतं, आणि लोक म्हणतात पॅनेल खराब निघालं. पॅनेल बिचारं चांगलंच असतं.

तक्रार केली की पुरवठादार म्हणतो पाया तुम्ही केलात, ओटा टाकणारा म्हणतो मी त्यांच्या नकाशाप्रमाणे टाकला. करारात बारीक अक्षरात 'पाया ग्राहकाने करावा' एवढी एक ओळ असते आणि तिच्यामुळे सगळी हमी रद्द होते. माझं स्पष्ट मत आहे की जो विक्रेता मातीबद्दल एकही प्रश्न न विचारता ओट्याची जाडी सांगतो, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

आता करायचं काय ते सांगतो. वावरातल्या नाहीतर शेजारच्या विहिरीत डोकावून पाहा, काळी किती फुटांपर्यंत आहे आणि मुरूम कुठे लागतो ते कडेला दिसतं. मधे पिवळट पांढरी, चुनखडीचे खडे असलेली चिकट माती लागली तर तिला मुरूम समजू नका, तीही फुगू शकते. मग घराच्या जागेवर दोन कोपऱ्यांत 4-5 फुटांचे खड्डे घ्या आणि तळाची माती घ्या, वरची नको. ती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून 10-10 ग्रॅमचे दोन भाग करा. 100 मिलीलीटरच्या दोन मोजनळ्या घ्या. एकीत डिस्टिल्ड पाणी आणि दुसरीत रॉकेल भरून दोन्हींत माती टाका, हवेचे बुडबुडे जाईपर्यंत ढवळा आणि 24 तास हात लावू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये ती 12 मिलीलीटरवर बसली आणि पाण्यात 21 वर गेली, तर फरक 9, आणि 12 वर 9 म्हणजे 75 टक्के फुगवटा. 50 च्या आत असेल तर फारशी चिंता नाही, 100 च्या वर गेला तर साधा ओटा विसरून जा. चाचणीचं शास्त्रीय नाव फ्री स्वेल इंडेक्स. नळ्या किंवा रॉकेल मिळत नसेल तर सिव्हिलची मातीची प्रयोगशाळा असलेल्या कॉलेजला नमुना द्या, मोठी चाचणी नाही ही.

मुरूम 4-5 फुटांत लागला तर सोपं आहे. सरळ मुरमापर्यंत खोदा आणि फुटिंग, म्हणजे पायाची रुंद काँक्रीटची बैठक, तिथे बसवा, मग वर विटांचं घर असो की पॅनेलचं.

काळी खोल असेल तर दोन वाटा. पहिली, अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगा असलेला काँक्रीटचा खांब. रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच जमिनींसाठी विकसित केली. खोल काळ्या मातीत लांबी किमान 3.5 मीटर ठेवतात, कारण पावसाळा-उन्हाळ्याचा ओलीतला फरक साधारण तेवढ्या खोलीपर्यंत जाणवतो. दांडा 250 मिलिमीटरचा असेल तर फुगा त्याच्या अडीचपट, म्हणजे 625 चा. तुमच्या मापाला तीन रांगांत चार-चार असे 12 खांब धरा, पक्का आकडा आणि लोहा इंजिनीयर ठरवेल. खांबांवरचा बीम जमिनीला टेकू देऊ नका, खाली किमान 80 मिलिमीटर मोकळी जागा हवी. इथेच मिस्त्री चुकतो. बीमखालची पोकळी त्याला बरी वाटत नाही, म्हणून तो ती खोदलेल्या काळ्या मातीने ठासून भरतो. मग तीच माती फुगून बीम उचलते आणि खांबांचा खर्च मातीत जातो. घरातली जमीनही या बीमांवर लोखंडी तुळया टाकून सिमेंट बोर्डाची करा आणि कडेच्या पोकळीला जाळी मारा, नाहीतर सापउंदरांची सोय होते.

दुसरी वाट मुरमाच्या भरावाची. काळी मीटरभर काढून टाका, घराच्या चारही बाजूंनी 3 फूट जास्त घ्या. तुमच्या मापाला खड्डा 26 बाय 31 फूट, खोली सव्वातीन फूट, म्हणजे सुमारे 26 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून 32-33 ब्रास धरा. 6 इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. मुरूम थोडा चिकटपणा असलेला घ्या. रेती भरू नका! रेतीतून पाणी खाली उतरतं, खड्ड्याचं टाकं होतं आणि ते वर्षभर मातीला पाणी पाजत राहतं. खर्च कमी असल्याने या भागात ही वाट बरी, पण मुरमाची रॉयल्टीची पावती घेऊन ठेवा.

कोणतीही वाट धरा, पाणी दूर ठेवलंच पाहिजे. घराभोवती 5 फुटांचा काँक्रीटचा उताराचा पट्टा करा, न्हाणीचा शोषखड्डा निदान 15-20 फूट लांब न्या. कडुनिंब भिंतीजवळ लावू नका, त्याची मुळं उन्हाळ्यात माती आणखी कोरडी करतात. ओटा ओतायचा तर दिवाळीनंतर, माती मध्यम ओलीवर असताना.

आता वीट की पॅनेल. उष्णता अडवण्यात 50 मिलिमीटर पफ 9 इंची विटांपेक्षा चार-पाच पट सरस आहे. पण विटा उष्णता पोटात साठवतात, पॅनेल साठवत नाही. नवतप्यात दुपारी लाइट गेली की विटांचं घर काही तास तग धरतं. पॅनेलचं घर खिडकीतून आलेल्या आणि स्वयंपाकाच्या उष्णतेने लवकर तापतं, मात्र रात्री खिडक्या उघडल्या की तितक्याच लवकर निवतं. विटांच्या घरात रात्री उकडतं ते स्लॅबमुळे, दिवसभर तापून मध्यरात्रीपर्यंत ती आग ओकते. म्हणून माझी पसंती फ्लाय अ‍ॅशच्या विटांच्या भिंतींना आणि वर पफ पॅनेलच्या छताला, पश्चिमेला सपरी. कुरडया-पापड वाळवायला आईला गच्ची लागतच असेल तर अर्ध्या भागावर स्लॅब घ्या आणि ती चुन्याने पांढरी ठेवा. पूर्ण प्रीफॅब मी तेव्हाच घेईन, जेव्हा जागा कायमची नसेल किंवा घर लगेच हवं असेल.

पूर्ण प्रीफॅबच घेतलं तर एवढं पाहा. छताच्या कडेला स्क्रू एक-एक फुटावर आणि प्रत्येकाखाली रबरी वॉशर, कारण अवकाळीचं वादळ कडेपासूनच पत्रा उलटतं. लोखंडी सांगाड्याच्या खांबांच्या प्लेटा काँक्रीटमध्ये पुरलेल्या बोल्टांनी बांधा, फक्त ड्रिल मारून नको. थर्माकोलचं पॅनेल चुलीजवळ लावू नका, तिथे विटांची भिंत करा. पंखा आणि बंगई टांगायची तर हूक सांगाड्यालाच वेल्ड करून घ्या. घर लोखंडी आहे, म्हणून 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारं बटण) आणि चांगली अर्थिंग नसेल तर आत राहायला जाऊ नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाकत जा.

कोटेशनची तुलना करताना पाया, वाहतूक, क्रेन, वायरिंग, संडास-न्हाणी आणि जीएसटी धरून बेरीज करा, या गोष्टी बाहेर ठेवलेल्या असतात. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, नोंद कशी लागणार, हे काम सुरू व्हायच्या आधी लेखी विचारून घ्या. एका कार्यालयात पक्क्या पायावरच्या घराची नोंद 'तात्पुरते पत्र्याचे शेड' अशी झाली आणि ती बदलायला 'साहेब रजेवर आहेत' हेच उत्तर महिनोन्महिने मिळत राहिलं. त्या नोंदीवर कर्जाचा अर्ज पुढे सरकत नाही. यातून वाचायचं तर पायाचे, खांबांचे फोटो काम चालू असतानाच काढून ठेवा.

खड्डे घेतले की मुरूम किती फुटांवर लागला आणि पाण्यातला-रॉकेलमधला आकडा किती आला तेवढं इथे टाका. त्यावरून पाइल की भराव, हे जास्त नेमकं सांगता येईल.