आजीची वही आणि तिसरी नीट

(सिडको, नाशिक इथल्या एका वडिलांचं पत्र. मुलीने दोनदा नीट दिली, एमबीबीएसपुरते गुण नाहीत. तिसऱ्यांदा बसायला ती तयार नाही. तिला फिजिओथेरपी करून पुढे कॅन्सर रुग्णांच्या झिजणाऱ्या स्नायूंवर संशोधन करायचं आहे. "मी तिला म्हटलं, मालिश करायला शिकवलं का तुला? तुम्हीच जरा समजवा तिला," असं वडील लिहितात.)

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गुणांची काळजी मला वाटली नाही. अडखळले ते मधल्याच एका वाक्यावर. तुमच्या आईंचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो दिवाळीत संपली, आणि मुलगी अभ्यास सोडून "आजीला खुर्चीतून उठबस करायला लावते आणि वहीत आकडे मांडते, म्हणून वही काढून घेतली".

अहो, तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ही फिजिओथेरपीतली रीतसर चाचणी आहे. पोरीने ती कुठूनतरी शोधून घरात करून पाहिली, नोंदी ठेवल्या. दोन वर्षं क्लासची फी भरून जे आलं नाही ते तिथे आपसूक आलं होतं, आणि तुम्ही ते कपाटात टाकलंत. तीन पानी पत्रात तिला काय वाटतं याला दीड ओळ, आणि नातेवाइकांना काय सांगायचं याला पाऊण पान! तिसऱ्या नीटची गरज नक्की कोणाला आहे?

आता तुमचा समज: "कॅन्सरच्या माणसाला आराम आणि चांगलंचुंगलं खाणं, बस." खाणं हवंच. पण कॅन्सरमध्ये होणारी झीज ही नुसत्या उपासमारीची झीज नसते. शरीरातल्या दाहामुळे स्नायू तुटत राहतात, भूक मरते. या झिजेला 'कॅकेक्सिया' म्हणतात. तिची जी व्याख्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये ठरवली, तिच्यातच म्हटलंय की नुसत्या आहाराने ही झीज पूर्ण भरून येत नाही. वजनकाटाही फसवतो, कारण चरबीआड स्नायू गेलेले दिसत नाहीत. म्हणून संशोधक गाठीसाठी काढलेल्याच सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायू मोजतात. त्यात पलंगावर पडून राहिलं की उरलेलेही जातात. पूर्वी प्रश्न असायचा, व्यायाम झेपेल का? आता विचारतात, कोणता, किती, कधी सुरू करायचा. २०२५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांत आठ वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ९०.३ टक्के, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ८३.२. मात्र झीज खूप पुढे गेलेल्यांना व्यायामाने किती फरक पडतो, याचा पुरावा अजून तोकडा आहे. तुमच्या मुलीला काम करायला जागा आहे ती तिथेच.

मार्ग साधा आहे: नीटच्याच गुणांवर राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशप्रक्रियेतून बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी), मग एमपीटीएच (पदव्युत्तर पदवी), मग पीएचडी. आरोग्य विद्यापीठ म्हसरूळलाच आहे, अभ्यासक्रम तिथून नीट समजून घ्या. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे तिलाही सांगा. संशोधन म्हणजे पुष्कळशी आकडेवारी, तेव्हा संख्याशास्त्राचा कंटाळा असेल तर तिने आत्ताच बोलावं. पण 'मालिश' हा शब्द घरातून काढून टाका.

या आठवड्यात मुलीचं काही ठरवू नका. आईंच्या कॅन्सरच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि विचारा: हाडांना धोका नाही ना, रक्तातल्या पेशी पुरेशा आहेत ना, चालणं आणि हलके ताकदीचे व्यायाम कोणाच्या देखरेखीखाली सुरू करता येतील? मुलीला बरोबर न्या, प्रश्न तिलाच विचारू द्या. डॉक्टर आधीचे आकडे मागतील, तेव्हा वहीही लागेल. ती आजच कपाटातून काढून तिला परत द्या.