सीए व्हायचंय? कॉलेज निवडण्याआधी हे बघ

बारावीनंतर सीए करायचं ठरवलंस, छान! एक गोष्ट आधी पक्की समजून घे: सीएची परीक्षा आयसीएआय (सीएंची देशपातळीवरची संस्था) घेते, गोवा विद्यापीठ नाही. म्हणजे बी.कॉम. हा जोडीने चालणारा अभ्यास आहे. त्यामुळे कॉलेजच्या नावापेक्षा वेळापत्रक बघ. पणजी किंवा मडगावात सकाळी वर्ग संपणारं, घरापासून एका बसवर असलेलं कॉलेज मिळालं तर दुपार अभ्यासाला उरते. हे सगळ्यात महत्त्वाचं.

वाटा दोन:
- बारावीनंतर फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा): 4 पेपर, प्रत्येकात किमान 40 टक्के आणि एकूण 50 टक्के.
- बी.कॉम.ला 55 टक्के मिळवून थेट इंटरमीजिएट (फाउंडेशननंतरची परीक्षा).

नवी मुलं फाउंडेशनला इथे फसतात: चारही पेपरांत 45 आले तरी नापास, कारण एकूण 50 टक्के भरत नाहीत. शेवटचे दोन पेपर वस्तुनिष्ठ, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. अंदाजपंचे ठोकू नकोस.

क्लासची मोठी फी लगेच भरू नकोस. आयसीएआयचं स्टडी मटेरिअल आधी वाच, त्यातलं प्रत्येक उदाहरण वहीवर सोडव. अकाउंट्स नुसतं वाचून येत नाही.

आर्टिकलशिपची (सीएच्या हाताखालच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची) काळजी आत्ता नको, ती इंटरमीजिएटनंतर.